पाच कॉलेजे की एक विद्यापीठ : ब्रिटिश प्रश्नमंजूषेतील बदलत्या प्रादेशिक बळाची पार्श्वभूमी

‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या ब्रिटनमधील आंतरविद्यापीठीय प्रश्नमंजूषेच्या २०१४ ते २०१८ या पाच वर्षांतील पाचही अंतिम सामन्यांत एका बाजूला ऑक्सफर्डचे एक कॉलेज आणि दुसऱ्या बाजूला केंब्रिजचे एक कॉलेज होते. पुढे २०२२, २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या तीन वर्षांत मात्र अंतिम सामन्यात या दोन विद्यापीठांपैकी एकाचाही संघ नव्हता. २०२२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने रेडिंगला हरवले, २०२३ मध्ये डरॅमने ब्रिस्टलला हरवले आणि २०२४ मध्ये इम्पीरियलने लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजला हरवले. इतक्या थोड्या अवधीत हे बळ इकडून तिकडे कसे सरकले, हे समजून घेण्यासाठी स्पर्धेच्या इतिहासाकडे पाहावे लागते, आणि त्याहूनही अधिक तिच्या एका नियमाकडे पाहावे लागते : ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजे वेगवेगळे संघ पाठवतात, तर बहुतेक इतर विद्यापीठांना एकच संघ पाठवता येतो. हा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण सहा दशकांतल्या जवळजवळ प्रत्येक वळणाशी त्याचा संबंध पोहोचतो.

स्पर्धेचा साचा अमेरिकेतला आहे. तिथे १९५३ मध्ये नभोवाणीवर सुरू झालेल्या कॉलेजांच्या प्रश्नस्पर्धेवरून मँचेस्टरच्या एका खासगी दूरचित्रवाणी कंपनीने १९६२ मध्ये ब्रिटिश आवृत्ती काढली. तो काळ ब्रिटनमध्ये नवी विद्यापीठे उभी राहण्याचा होता. १९६३ चे पहिले विजेतेपद लेस्टरकडे गेले, ज्या विद्यापीठाला स्वतंत्र सनद मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. १९६५ आणि १९६६ मध्ये ऑक्सफर्डची दोन कॉलेजे जिंकली. त्यानंतर १९६७ मध्ये ससेक्स, १९६८ मध्ये कील आणि १९६९ मध्ये पुन्हा ससेक्स विजयी झाले. ससेक्सला १९६१ मध्ये आणि कीलला १९६२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता. म्हणजे पहिल्या सहा विजेत्यांपैकी चार संघ अशा संस्थांचे होते, ज्यांच्या इमारतींचा रंगही अजून जुना झाला नव्हता. प्राचीन विद्यापीठांचे वर्चस्व या स्पर्धेत सुरुवातीपासून होते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

वर्चस्व आले ते त्यानंतर. १९७० ते १९७६ या सलग सात वर्षांत विजेतेपद ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्याबाहेर गेलेच नाही. चर्चिल, सिडनी ससेक्स, फिट्झविल्यम आणि ट्रिनिटी ही केंब्रिजची चार कॉलेजे आणि युनिव्हर्सिटी कॉलेज व कीबल ही ऑक्सफर्डची दोन कॉलेजे यांच्यातच ते फिरत राहिले. या सात वर्षांच्या अखेरीस, १९७५ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने जे केले त्याची आठवण आजही निघते. सामना सुरू झाला आणि प्रश्न कोणताही असो, या संघाने ‘चे गव्हेरा’, ‘मार्क्स’, ‘ट्रॉट्स्की’, ‘लेनिन’ अशीच उत्तरे द्यायला सुरुवात केली. संघ अर्थातच हरला. अनेकांनी ते डाव्या विचारांच्या तरुणांचे हुल्लडबाजीचे नाटक मानले, पण त्यामागचा आक्षेप नेमका होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांना प्रत्येक कॉलेजाच्या नावाने वेगळा संघ पाठवता येतो आणि मँचेस्टरसारख्या मोठ्या विद्यापीठाला मात्र एकच प्रवेश मिळतो, ही विषमता त्यांना दाखवायची होती. ज्या शहरात हा कार्यक्रम चित्रित होत होता, त्याच शहराच्या विद्यापीठाने तिथल्याच स्टुडिओत हा निषेध नोंदवला, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.

या आक्षेपाचा विचार करताना पहिली अडचण शब्दाची येते आणि मराठी वाचकाला ती दुप्पट भासते. आपण ‘कॉलेज’ या शब्दासाठी ‘महाविद्यालय’ म्हणतो आणि आपल्या डोळ्यांसमोर विद्यापीठाशी संलग्न असलेली, स्वतःची इमारत, स्वतःचे प्राध्यापक आणि स्वतःचे वर्ग असलेली, परीक्षा व पदवीपुरती विद्यापीठावर अवलंबून असलेली संस्था येते. हा नमुना लंडनचा आहे. लंडन विद्यापीठ १८३६ मध्ये स्थापन झाले ते मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था म्हणून, आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली ती त्याच धर्तीवर निघाली. त्यामुळे मुंबईतील एखादे महाविद्यालय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत स्वतःच्या नावाने उतरते तेव्हा आपल्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही. भारतात या प्रश्नमंजूषेची आवृत्ती २००३-०४ मध्ये झाली तेव्हाही संघ महाविद्यालयांचेच होते आणि विजेतेपद मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळवले होते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील कॉलेज ही निराळी व्यवस्था आहे. तिथे विद्यार्थ्याला प्रवेश कॉलेज देते. त्याचे राहणे, जेवणे आणि ग्रंथालय कॉलेजात असते, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला शिक्षकासमोर बसून जे वैयक्तिक मार्गदर्शन मिळते तेही प्रामुख्याने कॉलेजच लावून देते. मात्र व्याख्याने, प्रयोगशाळा, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या गोष्टी विद्यापीठाच्या असतात. एकाच वर्गात रसायनशास्त्राचे व्याख्यान ऐकणारे दोन विद्यार्थी संध्याकाळी दोन कॉलेजांत परततात आणि स्पर्धेत एकमेकांविरुद्ध बसू शकतात. केंब्रिजमध्ये अशी ३१ कॉलेजे आहेत आणि ऑक्सफर्डमध्ये तीसहून अधिक आहेत. आज या दोन विद्यापीठांना प्रत्येकी जास्तीत जास्त पाच कॉलेजांचे संघ उतरवता येतात. मुख्य स्पर्धेत २८ संघ असतात. याचा अर्थ एक तृतीयांशाहून अधिक जागा दोन विद्यापीठांकडे जाऊ शकतात, आणि देशातल्या उरलेल्या शंभराहून अधिक उच्च शिक्षणसंस्थांना बाकीच्या जागांसाठी झगडावे लागते.

आयोजकांच्या बाजूने जे समर्थन दिले जाते ते असे की या कॉलेजांना स्वतःचे कायदेशीर अस्तित्व आहे, ती स्वतः प्रवेश देतात आणि शिकवतातही, म्हणून ती स्वतंत्र संस्था मानावीत. हे समर्थन पोकळ नाही. परंतु ते सगळीकडे सारखे लावले जात नाही असे वाटण्याला जागा आहे. डरॅम विद्यापीठातही कॉलेजे आहेत आणि तिथल्या विद्यार्थ्यांची आपल्या कॉलेजावरची निष्ठा सर्वश्रुत आहे, तरी डरॅम एकच संघ पाठवते, कारण तिथली कॉलेजे निवासाची आहेत आणि शिकवण्याचे काम विद्यापीठाचे विभाग करतात. लँकेस्टर आणि यॉर्क यांचेही तसेच आहे. शिकवणे ही कसोटी मानली तर ऑक्सफर्ड-केंब्रिजचे कॉलेज अर्धेच उतरते, कारण निम्मे शिक्षण विद्यापीठाकडे असते. पदवी ही कसोटी मानली तर ते मुळीच उतरत नाही.

लंडनमध्ये हा गुंता आणखी वाढतो. लंडन विद्यापीठ हा अनेक संस्थांचा संघ आहे आणि त्याची घटक कॉलेजे स्पर्धेत वेगवेगळी उतरतात. त्यावर कोणी फारसा आक्षेप घेत नाही, कारण त्यांपैकी प्रत्येक संस्था आकाराने आणि कारभाराने स्वतंत्र विद्यापीठासारखीच आहे. इम्पीरियल कॉलेजने १९९६ आणि २००१ ची विजेतेपदे मिळवली तेव्हा ते लंडन विद्यापीठाचे घटक होते. २००७ मध्ये ते बाहेर पडून स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि २०२०, २०२२ व २०२४ ची विजेतेपदे त्याने त्या नात्याने मिळवली. नावात मात्र कॉलेज तेच राहिले. ‘युनिव्हर्सिटी कॉलेज’ हे नाव तर तीन ठिकाणी तीन अर्थांनी येते. १९७२ आणि १९७६ मध्ये जिंकलेले युनिव्हर्सिटी कॉलेज हे ऑक्सफर्डमधले एक कॉलेज आहे. २०१३ आणि २०२४ मध्ये अंतिम सामन्यात हरलेले युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची बलाढ्य संस्था आहे. आणि कील विद्यापीठ सनद मिळण्यापूर्वी ‘युनिव्हर्सिटी कॉलेज’च म्हणवले जात होते, कारण तिथे या शब्दाचा अर्थ पूर्ण दर्जाच्या अलीकडची पायरी असा होता. कॉर्पस ख्रिस्ती नावाचे कॉलेज ऑक्सफर्डमध्येही आहे आणि केंब्रिजमध्येही आहे. ‘मॉडलिन’ या उच्चाराचीही दोन कॉलेजे आहेत, आणि इंग्रजी लेखनात शेवटच्या एका अक्षरापुरताच त्यांच्यात फरक आहे. त्यांपैकी ऑक्सफर्डच्या मॉडलिनने चार वेळा जेतेपद मिळवले आहे, तर केंब्रिजचे मॉडलिन २०२१ च्या अंतिम सामन्यात हरले. विजेत्यांची यादी मराठीत नुसत्या नावांनी दिली तर वाचकाला त्यातून प्रदेश कळत नाही, म्हणून या टिपणात कॉलेजासोबत विद्यापीठाचे नाव आवर्जून दिले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे यावे. अनेक संघ पाठवता येणे हा निखळ फायदा आहे, हे मँचेस्टरच्या १९७५ च्या संघाचे गृहीतक होते आणि त्या काळी ते बरोबर होते. त्या वेळी प्रश्नमंजूषेची शिस्तबद्ध तयारी करणारे संघ विरळ होते. चार हुशार, बहुश्रुत विद्यार्थी एकत्र आणले की संघ तयार होई. अशा परिस्थितीत ज्याच्याकडे अधिक प्रवेशिका त्याची शक्यता अधिक, हे उघड आहे. परंतु या नियमाला दुसरी बाजूही आहे. पाच कॉलेजांतून पाच संघ उतरतात तेव्हा विद्यापीठातले सर्वोत्तम चार खेळाडू एका टेबलाशी कधीच बसत नाहीत. एक खेळाडू एका कॉलेजात असतो, दुसरा दुसऱ्यात, आणि तिसऱ्याच्या कॉलेजाला कदाचित त्या वर्षी प्रवेशच मिळालेला नसतो. काहीशे विद्यार्थ्यांतून चार जण निवडणारे कॉलेज आणि चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांतून चार जण निवडणारे विद्यापीठ यांत, निवड नीट झाली तर, दुसऱ्याचा संघ सरस ठरायला हवा. प्रश्न होता तो निवड नीट करण्याचा, आणि मोठ्या विद्यापीठांना ते जमायला बराच काळ लागला. स्पर्धेतील प्रादेशिक बळाचा पुढचा इतिहास माझ्या मते मुख्यतः या एका गोष्टीचा इतिहास आहे.

निषेधानंतर नियम बदलला नाही, निकाल मात्र काही काळ बदलले. १९७७ मध्ये डरॅम आणि १९७९ मध्ये ब्रॅडफर्ड विजयी झाले. १९८१ ते १९८४ ही चार वर्षे तर या स्पर्धेच्या भूगोलात वेगळी उठून दिसतात. बेलफास्टचे क्वीन्स विद्यापीठ, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज आणि डंडी, आणि शेवटी ओपन युनिव्हर्सिटी हे विजेते ओळीने आले. डंडी १९६७ पर्यंत सेंट अँड्र्यूजचाच भाग होते. सोळा वर्षांपूर्वीपर्यंत या दोघांना एकत्र एकच संघ पाठवता आला असता, आणि आता लागोपाठच्या दोन वर्षांत दोघांनीही स्वतंत्रपणे बाजी मारली. ओपन युनिव्हर्सिटी ही दूरशिक्षण देणारी संस्था आहे आणि आपल्याकडील मुक्त विद्यापीठांनी तिचाच कित्ता गिरवला. तिचे विद्यार्थी देशभर विखुरलेले असतात आणि बहुतेक नोकरी-संसार सांभाळून शिकणारे प्रौढ असतात. तिचा विजय कोणत्या प्रदेशाच्या खात्यात टाकायचा, हा प्रश्न सुटणारा नाही. १९८६ आणि १९८७ मध्ये ऑक्सफर्डची दोन कॉलेजे जिंकली आणि मालिका बंद पडली. १९६३ ते १९८७ या काळातील २३ विजेत्यांपैकी ८ ऑक्सफर्डचे व ५ केंब्रिजचे होते. लंडनचे एकही कॉलेज त्यांत नव्हते.

१९९४ मध्ये मालिका दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा सुरू झाली आणि १९९५ चे विजेतेपद केंब्रिजच्या ट्रिनिटीकडे गेले, तरी पुढच्याच वर्षी इम्पीरियलने लंडनचे खाते उघडले. त्यानंतरची दहा वर्षे संमिश्र होती. ऑक्सफर्डच्या मॉडलिनने १९९७ आणि १९९८ मध्ये लागोपाठ विजेतेपद मिळवले, जे तोवर कोणालाही साधले नव्हते. १९९९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी आणि २००३ मध्ये लंडनचे बर्कबेक कॉलेज जिंकले. बर्कबेकचे वर्ग संध्याकाळी भरतात आणि तिथेही नोकरदार प्रौढांचा भरणा असतो. चाळिशीतल्या अनुभवी माणसांनी विशीतल्या मुलांविरुद्ध खेळावे का, अशी कुरकुर त्या वेळी झाली. विद्यार्थी म्हणून रीतसर नोंदणी असलेल्या माणसाला वयावरून हटकणे मला तेव्हाही न्याय्य वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही. ज्यांना अठराव्या वर्षी ऑक्सफर्डचे दार उघडले नाही, त्यांना पुढे शिकता यावे यासाठीच या संस्था निघाल्या होत्या.

बळ खऱ्या अर्थाने उत्तरेकडे सरकले ते मँचेस्टरमुळे. ज्या विद्यापीठाने १९७५ मध्ये स्पर्धेची चौकटच नाकारली होती, त्याने २००६, २००९, २०१२ आणि २०१३ अशी आठ हंगामांत चार विजेतेपदे मिळवली, आणि २००७ मध्ये ते वॉरिकविरुद्धच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले होते. याचे श्रेय विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या आणि फावल्या वेळात संघाला तयार करणाऱ्या एका माणसाला मोठ्या प्रमाणात जाते. त्याने दरवर्षी इच्छुक विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि चौघांची ज्ञानक्षेत्रे एकमेकांना पूरक ठरतील अशी निवड केली. जुन्या प्रश्नांवर सराव करून घेतला, बझर केव्हा दाबायचा आणि केव्हा थांबायचे हे शिकवले. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, पण हा माणूस राहिला आणि त्याच्यासोबत संघ बांधण्याची रीतही राहिली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एकेका कॉलेजाला असा सातत्याचा लाभ क्वचितच होतो. आकडे हेच दाखवतात. १९६३ पासून २०२५ पर्यंत केंब्रिजने १२ विजेतेपदे मिळवली आहेत, पण ती नऊ वेगवेगळ्या कॉलेजांत विभागलेली आहेत. एखाद्या कॉलेजात एखाद्या वर्षी चार उत्तम खेळाडू जुळून येतात, ते जिंकतात आणि पांगतात. ट्रिनिटीची तीन विजेतेपदे १९७४, १९९५ आणि २०१४ अशा वीस-वीस वर्षांच्या अंतराने आली आहेत.

मँचेस्टरचे २००९ चे विजेतेपद मात्र मैदानावर मिळालेले नव्हते. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात ऑक्सफर्डच्या कॉर्पस ख्रिस्तीने मँचेस्टरला २७५ विरुद्ध १९० गुणांनी हरवले होते. त्या संघाच्या कर्णधार विद्यार्थिनीने एकटीने मिळवलेले गुण इतके होते की देशभर तिचे नाव झाले. सामन्याचे प्रसारण झाल्यानंतर उघड झाले की संघातील एका सदस्याचे पदवीशिक्षण २००८ च्या उन्हाळ्यातच संपले होते, पुढील संशोधनासाठी अपेक्षित असलेला निधी न मिळाल्याने तो नोकरीला लागला होता आणि शेवटच्या फेऱ्या चित्रित झाल्या तेव्हा तो नोंदणीकृत विद्यार्थी नव्हता. संघ अपात्र ठरला आणि चषक मँचेस्टरकडे गेला. नियम स्पष्ट होता, त्यामुळे निर्णय चूक म्हणता येत नाही. परंतु चित्रीकरण दोन शैक्षणिक वर्षांत पसरलेले असताना ही अडचण कोणत्याही संघावर येऊ शकली असती, आणि मँचेस्टरच्या समर्थकांनाही असा चषक हवा होता असे नाही. २०१२ आणि २०१३ च्या निर्विवाद विजयांनी त्या यशाची बाजू भक्कम केली. लागोपाठ दोनदा जिंकणारा मॉडलिननंतरचा हा दुसराच संघ होता.

त्यानंतर २०१४ ते २०१८ हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचा काळ आला, ज्याचा उल्लेख आरंभी केला आहे. ट्रिनिटी, गॉनव्हिल अँड कीज, पीटरहाउस आणि सेंट जॉन्स ही केंब्रिजची चार कॉलेजे व ऑक्सफर्डचे बेलिअल अशी विजेत्यांची रांग लागली. हे जुन्या पद्धतीचे पुनरागमन होते असे म्हणणे सोपे आहे, पण १९७० च्या दशकातील आणि या काळातील वर्चस्वाची कारणे वेगळी होती. या काळात दोन्ही विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे प्रश्नमंजूषा मंडळ चांगले रुजले होते. त्यांच्या साप्ताहिक सरावाला वेगवेगळ्या कॉलेजांतले खेळाडू एकत्र येत असत आणि अमेरिकन पद्धतीच्या बझर-स्पर्धांत ते विद्यापीठाच्या एकाच नावाने खेळत असत. त्या स्पर्धांत ऑक्सफर्डचा पहिला संघ, दुसरा संघ अशी गुणवत्तेवर मांडणी होते आणि कॉलेजाला तिथे काही स्थान नसते. अशा रीतीने तयार झालेले खेळाडू दूरचित्रवाणीवर आपापल्या कॉलेजाकडून उतरत आणि एका चांगल्या खेळाडूच्या आधारे कॉलेजाचा संघ बराच पुढे जात असे. म्हणजे तयारी विद्यापीठाची आणि प्रवेशिका कॉलेजांच्या, असा दुहेरी लाभ त्यांना मिळत होता.

अमेरिकन पद्धतीचा प्रश्न कसा असतो हे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्याच्याशी निगडित आहे. त्यात एका उत्तराकडे नेणारे अनेक धागे क्रमाने वाचले जातात. पहिला धागा त्या विषयात मुरलेल्याला कळेल असा असतो आणि शेवटचा बहुतेकांना कळेल असा. ज्याचा अभ्यास खोल तो आधी बझर दाबतो. या प्रश्नांचे प्रचंड साठे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांवर सराव करण्यासाठी ना जुने कॉलेज लागते, ना तिथले ग्रंथालय. कोव्हिडच्या काळात या स्पर्धा संगणकावर होऊ लागल्या तेव्हा प्रवासाचा खर्चही उरला नाही, आणि एडिनबराच्या किंवा डरॅमच्या विद्यार्थ्याला ऑक्सफर्डच्या सर्वोत्तम खेळाडूंविरुद्ध आपल्या खोलीतून खेळता येऊ लागले. जे ज्ञान पूर्वी दोन गावांत साचून राहत होते ते असे वाटले गेले. एकदा तयारीची साधने सर्वांना सारखी झाली की मग संपूर्ण विद्यापीठातून चार जण निवडण्याची मुभा असणाऱ्यांचे पारडे जड होते.

२०१९ ते २०२४ या सहा वर्षांत नेमके हेच झाले. २०१९ मध्ये एडिनबराने ऑक्सफर्डच्या सेंट एडमंड हॉलला हरवले आणि डंडीनंतर ३६ वर्षांनी विजेतेपद स्कॉटलंडला मिळाले. २०२० मध्ये इम्पीरियलने केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्तीला २७५ विरुद्ध १०५ अशा फरकाने नमवले, तर २०२१ मध्ये वॉरिकने केंब्रिजच्या मॉडलिनला हरवले. त्यानंतरची तीन वर्षे आरंभी सांगितलीच आहेत. २०२३ मध्ये डरॅमने मिळवलेले ३६० गुण आणि ब्रिस्टलचे १०० गुण यांतले अंतर पाहिले की अंतिम सामन्यातही तयारीचा फरक किती असू शकतो हे लक्षात येते. १९९५ ते २०१८ या २४ वर्षांत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी मिळून १४ विजेतेपदे जिंकली होती. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्यांना एकही मिळाले नाही.

स्पर्धेच्या रचनेतील एका बदलाचाही यात वाटा असावा. २००९-१० च्या हंगामापासून उपउपांत्य फेरीत एका पराभवाने संघ बाद होत नाही. दोन विजय मिळवणारा पुढे जातो आणि दोनदा हरणारा बाहेर पडतो. बाद फेरीत एखाद्या दिवसाचे नशीब मोठे ठरते, जास्त सामन्यांत चौघांच्याही ज्ञानाची खोली तपासली जाते. एका विलक्षण खेळाडूवर उभा असलेला संघ पहिल्या दोन फेऱ्या पार करू शकतो, पण पुढे त्या खेळाडूला न येणाऱ्या विषयांची किंमत मोजावी लागते. बदलाचा परिणाम लगेच दिसला नाही हे मान्य केले पाहिजे, कारण २०१४ ते २०१८ चे सामने याच रचनेत झाले. सर्वत्र सारखी तयारी झाल्यानंतरच ही रचना मोठ्या निवडक्षेत्राला अनुकूल ठरली असे म्हणता येईल.

लंडनचे बळ स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे. पहिल्या कालखंडात शून्यावर असलेल्या या शहराने १९९५ ते २०२५ या काळात ६ विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी ५ एकट्या इम्पीरियलची आहेत आणि २०२५ पर्यंत दुसऱ्या कोणत्याही एका संघाच्या नावावर तितकी नव्हती. इम्पीरियल ही विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांची संस्था आहे. साहित्य, इतिहास किंवा अभिजात भाषा यांचे पदवीवर्ग तिथे नाहीत. अशा संस्थेने सर्वसाधारण ज्ञानाच्या स्पर्धेत सर्वाधिक यश मिळवावे हे प्रथम चकित करते. आजच्या प्रश्नांत गणित, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचा नियमित वाटा असतो आणि तो इम्पीरियलच्या संघाला घरचाच असतो, तर चित्रकला, कविता आणि राजघराण्यांचे इतिहास त्यांचे खेळाडू आवडीने व चिकाटीने आत्मसात करतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मोठी संख्या हेही एक कारण आहे, कारण पीएच.डी. करणारा खेळाडू अनेक वर्षे मंडळात राहतो आणि नव्या मुलांना तयार करतो. मँचेस्टरमध्ये जे काम ग्रंथालयातल्या एका माणसाने केले ते इथे विद्यार्थ्यांच्या मंडळानेच चालू ठेवले.

या साऱ्या वाटपात काही प्रदेश अजून कोरडे आहेत. वेल्सच्या कोणत्याही संघाने २०२५ पर्यंत विजेतेपद मिळवलेले नाही, आणि बेलफास्टच्या १९८१ च्या यशाला उत्तर आयर्लंडमध्ये जोड मिळालेली नाही. लीड्स, शेफील्ड, लिव्हरपूल, न्यूकॅसल ही उत्तर इंग्लंडमधली जुनी आणि मोठी विद्यापीठेही विजेत्यांच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून ‘उत्तरेचे बळ’ हा शब्दप्रयोग सैलपणे वापरला तरी १९७९ चे ब्रॅडफर्ड सोडल्यास त्याचा अर्थ मँचेस्टर आणि डरॅम एवढाच होतो. जिथे मंडळ आहे, निवडीची शिस्त आहे आणि जुने खेळाडू परत येऊन शिकवतात, तिथे बळ आहे. ते प्रदेशाच्या नकाशावर सलग पसरलेले नाही, ठिपक्यांसारखे आहे.

२०२५ मध्ये केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजने वॉरिकला हरवून सहा वर्षांची ही साखळी तोडली. क्राइस्ट्सचे हे पहिलेच विजेतेपद होते आणि केंब्रिजच्या विजेत्या कॉलेजांच्या यादीत ते नववे नाव ठरले. मँचेस्टरच्या चौघांनी या नियमाविरुद्ध नोंदवलेल्या निषेधाला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज यांना प्रत्येकी पाच कॉलेजे, तर मँचेस्टरला एक संघ, ही मांडणी आजही तशीच आहे.